अकोल्याच्या मे महिन्यात उघड्या टाक्यासाठी कोई मासे विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : अंगणातल्या टाक्यासाठी चुकीचे मासे विकणे व चुकीचा सल्ला देणे

महोदय,

यंदा आम्ही अकोल्यात घराच्या अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल. साधारण २,२०० लिटर पाणी मावतं. पारिजातकाची सावली सकाळी नऊपर्यंत असते, पुढे दिवसभर ऊन. हे सगळं मी २८ एप्रिलला तुमच्या मासेविक्रीच्या ऑनलाइन फॉर्मवर लिहून दिलं होतं. टाक्याची मापं, पिनकोड, ऊन किती तास, हवेचा पंप आहे का, हे प्रश्न तुमचेच होते. पंप नाही, असंही मी स्पष्ट लिहिलं होतं. त्यानंतर तुमच्या सल्लागारांचा फोन आला. "कोई कुठल्याही हवामानात राहतो, काळजी करू नका," असं सांगून त्यांनी बारा कोई, सहा गोल्डफिश आणि शेवाळ खायला दोन सकर असा संच सुचवला. मी ७,४८० रुपये भरले.

४ मे रोजी मासे आले. पॅकिंगबद्दल माझी तक्रार नाही, सगळे जिवंत आणि तरतरीत होते. टाकंही कच्चं नव्हतं. सिमेंटचा चुना उतरावा म्हणून तीन आठवडे केळीचे खुंट टाकून पाणी भरलं-उपसलं होतं, त्यामुळे दोष टाक्यावर ढकलू नये.

८ मे रोजी दुपारी तीनला पाण्यात थर्मामीटर धरला, तर ३६ अंश. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अंगणात आले तेव्हा सगळे कोई नळाच्या तोटीखाली गोळा झाले होते. तोटीतून थेंब थेंब पाणी गळत होतं, आणि जिथे थेंब पडत होता तिथे तोंडं वर काढून ते हवा ओढत होते. कल्ले इतके जोरात उघडत होते की आतला लाल भाग दिसत होता.

नऊ वाजल्यापासून तुमच्या मदत क्रमांकावर फोन लावत होते, तो दुपारी दोनला लागला. "निम्मं पाणी बदला," एवढंच उत्तर मिळालं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी या दिवसांत हाताला चटका देतं आणि ते महापालिकेचं क्लोरीन घातलेलं पाणी आहे, हे मी सांगितलं. "चालतं मॅडम," म्हणाले. मी विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत सात कोई आणि चार गोल्डफिश गेले, दोन दिवसांत उरलेलेही. पांढऱ्या अंगाचा आणि कपाळावर लाल ठिपका असलेला एक कोई होता, सासूबाई त्याला 'कुंकवाची' म्हणायच्या आणि रोज हाताने दाणे घालायच्या. त्याला पारिजातकाखाली पुरलं. त्या अजून टाक्याकडे जात नाहीत.

पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असतो, ३५ अंशांना सुमारे ७. त्याच वेळी माशांची गरज मात्र वाढते. शेवाळसुद्धा रात्री प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. गोल्डफिश आणि कोई हे थंड पाण्यात सुखी राहणारे मासे. विदर्भात कोई पाळता येतच नाहीत असं मी म्हणत नाही. चार फूट खोली, वर हिरवी जाळी, रात्रंदिवस पंप आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, एवढं असेल तर जगतात. हे विकण्याआधी सांगायला हवं होतं. तुम्ही प्रश्न विचारलेत, उत्तरं घेतलीत आणि ती वाचलीच नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

माझ्या टाक्याला गप्पी किंवा मोली चालले असते, वरून हवा घेणारा गुरामीही. नंतर महापालिकेच्या हिवताप विभागातून मूठभर गप्पी फुकट मिळाले. वर जाळी बांधून, टाक्यात जलकुंभी सोडून त्यांना ठेवलंय. ते छान आहेत आणि डासांच्या अळ्याही दिसत नाहीत.

माझ्या मागण्या : सकर सोडून बाकी सगळ्या माशांचे पैसे परत करावेत. पिनकोड आणि टाक्याची खोली पाहूनच यापुढे मासे सुचवावेत. 'कुठल्याही हवामानात' हे शब्द तुमच्या पानावरून काढावेत. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसं न झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणि एक तातडीचं. दोन्ही सकर जिवंत आहेत, सध्या पडवीत टबमध्ये आहेत. हा मासा फूटभराच्याही वर वाढतो, हे विकताना कुणी बोललं नाही. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात हेच सकर येतात आणि त्यांच्या काट्यांनी जाळी फाटते. आमच्या अंगणाचं पावसाचं पाणी नाल्यातून मोर्णा नदीत जातं. हे सकर मी नाल्यात सोडणार नाही आणि मारणारही नाही. पहिला पाऊस पडायच्या आत, तुमच्या खर्चाने, ते परत न्यावेत.

पावती, फॉर्मची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक
अकोला, १७ मे