बशीतलं हार्मोन दुधात उतरत नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

टेस्ट ट्यूब वासरांच्या, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करून जन्मलेल्या वासरांच्या बातम्या हल्ली पेपरात येतात आणि त्या वाचून आमच्या गावच्या दूध संस्थेत रोज तोच विषय, की ही हार्मोनची वासरं, उद्या यांचं दूध पोरांना पाजायचं का. कोल्हापूर म्हणजे धारोष्ण दुधाचं गाव, लोकांना काळजी वाटणारच, पण भीती भलत्याच ठिकाणी चाललीय म्हणून लिहितोय.

लॅबमध्ये गाईच्या अंडाशयातनं सुईने कच्ची अंडी काढतात आणि ३८.५ डिग्रीला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण २२ ते २४ तास बशीतल्या द्रावणात पिकायला ठेवतात. त्या द्रावणात एफएसएच, एलएच, कधी कधी इस्ट्राडिओल हे अंडं पिकायला मदत करणारे हार्मोन घालतात, म्हणजे माजाच्या वेळी गाईच्या अंगात जे आपोआप होतं ते बशीत घडवायचं. एफएसएचचं काम मुख्यतः अंड्याभोवती जो पेशींचा गुच्छ असतो त्याच्यावर चालतं, गुच्छ फुगतो, चिकट होतो, सैल पडतो आणि त्या पेशी मग अंड्याला पिकायला मदत करतात. आता अंडं नुसतं बाहेर काढलं तरी त्याचं केंद्रक हार्मोनशिवाय पिकायला लागतं, सशाच्या अंड्यात हे १९३५ मध्येच दिसलं होतं. मग हार्मोन कशाला? तर केंद्रक पिकलं तरी आतला बाकीचा माल कच्चा राहू शकतो. १०० अंड्यांतली ८०-९० पिकलेली दिसतात, आणि सातव्या दिवशी चांगले गर्भ मिळतात ३०-४० च. डोस वाढवला की फायदा वाढतो असंही नाही, सीरम (रक्तातला पातळ भाग) नसलेल्या द्रावणात इस्ट्राडिओल घातल्यावर उलट नुकसान झाल्याचं प्रयोगात दिसलंय.

आणि हे सगळं मायक्रोग्रॅममध्ये. नंतर अंडी धुतात, फलन करतात, आठवड्याने गर्भ दुसऱ्या गाईत सोडतात, नऊ महिन्यांनी वासरू होणार, त्या कालवडीला दूध यायला अजून दोन-तीन वर्षं. बशीतलं एफएसएच तिथवर पोचणार कसं? अंडी देणाऱ्या गाईला काही ठिकाणी एफएसएचची इंजेक्शनं देतात हे खरं, पण ते प्रोटीन आहे, अंगात फार टिकत नाही. काळजी करायचीच तर धारेआधी डॉक्टरला न विचारता पान्हा सोडायचं इंजेक्शन टोचतात त्याची करा, ते ऑक्सिटोसिन, सरळ चालू दुधाच्या जनावराला देतात, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही याचा मला खरंच राग येतो.

दुसरं म्हणजे गर्भ राहिला नाही की गाईत खोट म्हणून ती बाजारात नेतात. बऱ्याचदा गर्भातच दम नसतो, कारण अंडं नीट पिकलेलं नसतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगतच नाही. गर्भ सोडायला येणाऱ्यांनी किती अंडी निघाली, किती पिकली, किती गर्भ झाले हे मराठीत लिहून द्यावं, पैसे आपण मोजतो. आणि बाहेरच्या होल्स्टीन जातीच्या गाईवर बसवलेलं हार्मोनचं प्रमाण आपल्या खिलारला आणि पंढरपुरी म्हशीला तसंच लागू पडेल असं धरून चालू नये, इथल्या जनावरांवर ते तपासून बघायला पाहिजे. आपल्या पेपरानं पशुवैद्यकांकडनं यावर साध्या भाषेत दर आठवड्याला काहीतरी लिहून घ्यावं, आमच्या संस्थेच्या बोर्डावर ते कात्रण लावायची जबाबदारी माझी.

आपला,
एक दूध उत्पादक वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर