भांडी वेगळी, पंगत एक

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील पाककृतींचे सदर मी कात्रणे काढून ठेवण्याइतक्या आवडीने वाचते. त्यातल्या बहुतेक कृतींखाली ‘चार व्यक्तींसाठी’ असे प्रमाण दिलेले असते आणि त्या चारही व्यक्ती एकसारखेच जेवतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या घरी रात्रीच्या जेवणाला सहा माणसे बसतात आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांचे पथ्यपाणी सारखे नाही. माझ्या ओळखीच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. म्हणूनच हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. कांदेनवमी झाली की कार्तिकी एकादशीपर्यंत त्या कांदा, लसूण आणि वांगे यांना हात लावत नाहीत. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे त्यांचा चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि तोही त्यांनी तितक्याच निष्ठेने पाळला. यजमानांना २० वर्षांपासून मधुमेह असून अलीकडे मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम दिसू लागला आहे. मुलगा रोज व्यायामशाळेत जातो आणि त्याला अंडी किंवा कोंबडी हवी असते. सून रत्नागिरीची, तिला आठवड्यातून दोनदा तरी मासळी लागते. सात वर्षांच्या नातीला सिलिॲक हा आजार आहे, म्हणजे गव्हात आणि जवात असणाऱ्या ग्लूटेन या प्रथिनामुळे तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. या आजारावर आज औषध नाही. जन्मभर ग्लूटेन टाळणे हाच उपचार आहे. राहिले मी. मला सगळे चालते आणि म्हणूनच कित्येक वर्षे मी सर्वांच्या शेवटी, उरलेले जेवत आले.

नातीच्या आजाराने आम्हाला जे शिकवले ते थोडे सविस्तर सांगते, कारण ते इतरांच्या उपयोगी पडेल. तिचे पोट सतत दुखे, वजन वाढत नसे, रक्त कमी झालेले असे. रक्ततपासणी आणि नंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी झाल्यावर निदान पक्के झाले. (अशी शंका असेल तर तपासणीआधी आपल्या मनाने गहू बंद करू नये, तसे केल्यास तपासण्या फसव्या येतात, हेही आम्हाला तेव्हाच समजले.) निदान झाल्याच्या दिवसापासून तिची पोळी, बिस्किटे, शेवया, रवा, सारे बंद केले आणि ज्वारी, तांदूळ, नाचणी, राजगिरा यांवर तिचा आहार बसवला. तरीही वर्षभराने पुन्हा रक्त तपासले तेव्हा आकडे अजून चढेच होते. त्या संध्याकाळी सुनेच्या डोळ्यांतले पाणी पाहवत नव्हते. आपण नेमके कुठे चुकतो आहोत, हे आम्हा कुणालाच कळत नव्हते.

चूक दोन ठिकाणी सापडली. पहिली फोडणीत. बाजारात पूड करून मिळणारा हिंग निव्वळ हिंग नसतो. मूळ हिंगाचा डिंक इतका उग्र असतो की त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधतात आणि हे पीठ बहुधा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. पाकिटाच्या मागच्या बाजूला तसे छापलेलेही होते. पण हिंगाच्या डबीवरचा मजकूर आजवर कोणी वाचला होता? रोजच्या वरणात, आमटीत आणि भाजीत आम्ही चिमूटचिमूट मैदा घालत होतो. दुसरी चूक गिरणीत होती. आमची ज्वारी ज्या जात्यावर दळली जाई, त्यावर आधी कुणाचा तरी गहू दळलेला असे आणि जात्यात राहिलेले पीठ आमच्या डब्यात उतरे. आपल्या देशातील नियमानुसार एक किलो पदार्थात ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसेल तरच त्याला ग्लूटेनमुक्त म्हणता येते. वीस मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कितीतरी कमी. हे कळल्यावर गिरणीतला मूठभर गहू किती होतो, ते वेगळे सांगायला नको. आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीही दळायचा नाही असे ठरवले आणि हिंग वापरायचा तो पाकिटावरचे घटक वाचून, तांदळाचे पीठ घातलेला. पुढच्या तपासणीत आकडे उतरले.

या सगळ्या प्रकरणात सर्वांत आधी मर्म ओळखले ते माझ्या सासूबाईंनी. डॉक्टरांनी सांगितलेले ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे हिचं सोवळं पाळायचं.” त्यांचे सारे आयुष्य उपासाची भांडी वेगळी, देवाच्या नैवेद्याचे पाणी वेगळे, खरकट्या हाताने डब्याला शिवायचे नाही, या शिस्तीत गेले. पोळीच्या पिठाचा हात ज्वारीच्या डब्यात घालू नये, पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नयेत, तिची भाकरी आधी आणि पोळ्या मागाहून कराव्यात, लाकडी काठवटीच्या चिरांत कणीक राहते म्हणून तिची परात, तिचा तवा आणि तिचे पोळपाट-लाटणे निराळे असावे, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. आम्हालाच त्यांनी ते शिकवले. सोवळ्याच्या नावाखाली आपल्या समाजाने माणसांना ओसरीबाहेर बसवले, हा इतिहास मी विसरलेले नाही आणि त्याची लाजही मला वाटते. पण ज्या शिस्तीने माणसे पंगतीतून उठवली गेली, तीच शिस्त एका लेकराला पंगतीत बसवण्यासाठी कामी आली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आज नातीच्या फळीची किल्ली जणू पणजीच्याच हातात आहे.

आता रोजच्या रात्रीच्या जेवणाबद्दल. सुरुवातीला मी सहा माणसांसाठी खरोखरच चार निरनिराळे स्वयंपाक करत असे. संध्याकाळी साडेपाचला ओट्याशी उभी राहिले की नऊ वाजत आणि तरीही कुणी आधी, कुणी नंतर, असे सगळे तुटक जेवत. हे चालणार नाही, हे कळायला मला दोन वर्षे लागली. मग आम्ही स्वयंपाकाचा क्रम बदलला. पदार्थ एकच शिजवायचा, तो शक्य तितका साधा ठेवायचा आणि जे वेगळे करायचे ते अगदी शेवटच्या टप्प्यावर, फोडणीत आणि वाढणीत करायचे. डाळ हळद घालून शिजली की यजमानांच्या वाट्याची, आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेली वाटी आधी बाजूला निघते. उरलेल्या वरणाला जिरे-कढीपत्त्याची फोडणी बसते आणि लसणाची फोडणी छोट्या कढल्यात वेगळी करून ज्याला हवी त्याने वरून घ्यायची. भाजी निवडताना सर्वांत कडक पथ्य कुणाचे, ते आधी पाहायचे. दुधी, दोडका, पडवळ या भाज्या यजमानांना चालतात, सासूबाईंच्या चातुर्मासात बसतात, नातीला बाधत नाहीत आणि पावसाळ्यात मंडईत भरपूर असतात. बटाटा किंवा पालेभाजी असेल त्या दिवशी यजमानांसाठी वेगळी सोय करायची.

असा विचार करताना मला आपल्या पारंपरिक ताटाचे नव्याने महत्त्व कळले. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी आणि आमटी. डावी बाजू ही ज्याने त्याने आपापल्या प्रकृतीप्रमाणे कमी-जास्त घेण्याची जागा आहे. आम्ही आता भाजी-आमटीत मीठ निम्मेच घालतो आणि बाकीचे ज्याला हवे त्याने डावीकडून घ्यावे. कोशिंबिरीत दाण्याचे कूट न घालता ते वाटीत ठेवतो, कारण नातीच्या एका मैत्रिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि ती अनेकदा आमच्याकडे जेवायला असते. ठेचा, लसणाची चटणी, मुलाची उकडलेली अंडी, सुनेची बुधवार-शुक्रवारची तळलेली मासळी, हे सारे वरून येते. मासळीचा तवा मागच्या गॅलरीतल्या शेगडीवर असतो आणि मासळीला लावायचे पीठ तांदळाचेच असते, म्हणजे नातही आईच्या ताटातला तुकडा घेऊ शकते.

मिठाबाबत एक सावधगिरीची सूचना कळकळीने करावीशी वाटते. यजमानांचे मीठ कमी करायला सांगितल्यावर मुलाने काळजीपोटी कमी सोडियमचे मीठ आणले. आहारतज्ज्ञ बाईंनी पाकीट पाहताक्षणी ते बंद करायला लावले. अशा मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडे अशक्त असली की जास्तीचे पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि ते रक्तात वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. एका माणसाला हितकारक असलेली वस्तू त्याच घरातल्या दुसऱ्याला घातक ठरू शकते. उपासाचे सैंधव औषधी आहे म्हणून तेही हवे तितके चालेल, अशी समजूत आहे. तेही मीठच आहे. उपासाच्या दिवशी सासूबाईंसाठी साबुदाण्याची खिचडी होते, पण मधुमेही माणसासाठी साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या दिवशी यजमान नेहमीची भाकरी खातात आणि त्यात कुणाचाही उपास मोडत नाही.

‘आमच्या वेळी ही असली पथ्ये नव्हती,’ असे मला पुष्कळदा ऐकावे लागते. ते खरे नाही. बाळंतिणीला अळिवाची खीर आणि बिनतिखट जेवण, आजारातून उठलेल्याला मऊ भात-मेतकूट, दात नसलेल्या आजोबांना दुधात कुस्करलेली भाकरी, उपास करणाऱ्यांचा वेगळा फराळ, हे सारे प्रत्येक घरात होतच होते. फरक एवढाच की ते करणारी बाई एकच असे आणि तिच्या श्रमांची मोजदाद कुणी करत नसे. आज भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मांडला गेला. तेव्हा प्रत्येक घरात पथ्याचे एक तरी ताट असणार, हे धरूनच चालायला हवे आणि त्याचा भार एकीवर टाकून चालणार नाही. आमच्याकडे रविवारी रात्री सगळे मिळून आठवड्याचे जेवण ठरवतो. मुलगा ते लिहून फ्रिजवर लावतो. यजमान स्वतःच्या वाट्याच्या भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देतात, कारण त्याने पोटॅशियम कमी होते. वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांनी प्रथमच विळी हातात घेतली. ठरवताना आजाराच्या पथ्यात तडजोड नाही, व्रताला मान आहे आणि आवडीला पाळी आहे. नातीला भेंडी आवडत नाही, म्हणून भेंडी बंद होत नाही. पण तिची पाळी असेल त्या रात्री तिच्या आवडीची तांदळाची धिरडी सगळे खातात.

घरात जमले ते घराबाहेर मात्र जमत नाही. गेल्या वर्षी एका जवळच्या लग्नात वाढप्याला मी तीनदा विचारले की कढीला बांधणीचा हिंग आहे का, मसालेभातातल्या तळणीचे तेल कोणते. त्याला सांगता आले नाही आणि त्याचा दोषही नव्हता, कारण त्याला कुणी सांगितलेच नव्हते. नात साधा भात आणि दही खाऊन उठली. बंद पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्ये, शेंगदाणे, दूध, सोयाबीन यांची नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. पंगतीतल्या पातेल्यावर मात्र काहीच लिहिलेले नसते. आचाऱ्यांनी प्रत्येक पदार्थासमोर गहू, दूध, शेंगदाणे आणि कांदा-लसूण आहे की नाही, एवढे चार शब्द लिहून ठेवले तर अनेक घरांना लग्नकार्यात निर्धास्तपणे जेवता येईल. गिरणीचालकांनाही विनंती आहे की, आठवड्यातल्या एका सकाळी जाते झाडून, त्यावर आधी थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढावे आणि मग केवळ ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ दळावेत. सिलिॲकच्या मुलांना तेवढ्यानेही पूर्ण खात्री देता येणार नाही. परंतु घरघंटी ज्यांना परवडत नाही त्यांचा धोका निश्चित कमी होईल.

आणि आपल्याकडे एक विनंती. दिवाळीची पुरवणी लवकरच येईल. आपल्या फराळातल्या बऱ्याच पदार्थांत मुळात गहू नसतोच: अनारसे तांदळाचे, बेसनाचे लाडू हरभऱ्याच्या डाळीचे, चकलीची भाजणी तांदूळ आणि डाळींची, चिवडा पोह्यांचा. करंजी आणि शंकरपाळे मात्र मैद्याचे. कोणत्या कृतीत गहू, दूध आणि शेंगदाणे आहेत, हिंग घातला तर तो कोणता घ्यावा, गोड पदार्थात साखर किती पडते, हे प्रत्येक पाककृतीखाली दोन ओळींत छापावे. ‘चार व्यक्तींसाठी’ या शब्दांच्या शेजारी तेवढी जागा नक्की निघेल.

आपली विश्वासू,
एक गृहिणी, मिरज
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)