आर्किटेक्चरला मुलं नक्की काय शिकतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की पेपरात ॲडमिशनची पानं सुरू होतात, इंजिनिअरिंग-मेडिकलवर भरभरून येतं आणि आर्किटेक्चरचा विषय मात्र पाच वर्षांचा कोर्स, नाटा ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, चित्रकला चांगली हवी एवढ्यावर संपतो. मी साताऱ्यात आर्किटेक्ट आहे, कॉलेजात व्हिजिटिंग म्हणून शिकवते, आणि पालक दरवर्षी हेच विचारतात, की पोरीला चित्रं जमत नाहीत तर चालेल का, आणि शेवटी प्लॅनच काढायचे ना, मग सिव्हिलचा डिप्लोमा काय वाईट. म्हणून हे पत्र.

चित्रकलेचं म्हणाल तर हाताला थोडी सवय लागते, बस. पहिल्या वर्षी मुलं खरी शिकतात ती मापं घ्यायला. आम्ही टेप देऊन घरचा, शाळेचा, एसटी स्टँडचा जिना मोजून आणायला सांगतो. पायरीची उंची 15 सेंमी आणि पाऊल ठेवायची जागा 30 सेंमी असेल तर जिना सोपा जातो, म्हणजे दोन उंच्या अधिक एक रुंदी ही बेरीज 60 ते 63 सेंमीच्या आसपास आली पाहिजे. जागा वाचवायला बांधलेल्या बंगल्यात पायरी 20 सेंमीची निघते आणि आजी वरच्या मजल्यावर का जात नाही हे पोरांना वहीतल्या आकड्यात दिसतं.

मग येतं मेजर्ड ड्रॉइंग, आणि माझ्या मते अख्ख्या पाच वर्षांत याच्याइतकं शिकवणारं काही नाही. वाईसारख्या गावातला जुना वाडा घ्यायचा आणि दिंडी दरवाजापासून परसापर्यंत सगळा मोजून कागदावर आणायचा. मुलं आधी खोलीच्या चारच बाजू मोजतात, कॉलेजात येऊन काढायला बसतात आणि प्लॅन जुळतच नाही, कारण जुनी खोली काटकोनात असेलच असं नाही, त्यामुळे परत जाऊन दोन्ही कर्ण मोजावे लागतात. मग एकेक कळायला लागतं. तळमजल्याची भिंत एवढी जाड का, तर कुठे कुठे जिनाच तिच्या पोटात आहे. दोन खांबांमधलं अंतर ठरलंय तुळईच्या लाकडाच्या लांबीवरून, म्हणून खोल्या फुटात नाही तर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांत, मोजायच्या. चौकातून माजघराला उजेड मिळतो आणि गरम हवा वर निघून जाते. हे पुस्तकात वाचून मार्क मिळतात पण डोक्यात बसतं ते वाड्यात धूळ खात टेप धरल्यावरच!

पुढे क्लायमेटॉलॉजी म्हणजे हवामानाचा अभ्यास, स्ट्रक्चर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, एस्टिमेट, बांधकामाचे नियम असं बरंच असतं. उन्हाचंच एक सांगते. आपल्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण 48 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा असला तर त्याच्याखाली दोन फुटांहून थोडी जास्त सावली पडते, पण पश्चिमेचं ऊन संध्याकाळी आडवं आत घुसतं, तिथे तो छज्जा कामाचा नाही, उभ्या पट्ट्या नाहीतर झाड लागतं. हे दुसऱ्या वर्षाचं पोरगं गणित करून दाखवतं, आणि तरीही आपल्या गावात पश्चिमेला अख्खी काच लावलेली शोरूम उभी राहते आणि एसी दिवसभर चालतो.

आणि घर कोणासाठी हेही शिकवलं जातं. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्यातला, शिक्षण मुंबईच्या जे.जे.मधलं, 2018 साली प्रिट्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना पूर्ण घर न देता प्लॉट, जोतं, संडास-पाणी एवढं दिलं आणि पैसे येतील तसं ज्याने त्याने वाढवावं असं ठेवलं. मुलं हे अभ्यासतात तेव्हा एखादीच्या लक्षात येतं की आपल्या वस्तीत काकांनी एकेक खोली चढवत नेली तेही असंच आहे.

आता माझी तक्रार. हल्ली काही ठिकाणी पहिल्याच वर्षी हातात लॅपटॉप येतो, हाताने रेघा मारायची टी-स्क्वेअर पट्टी दोन महिन्यांत कोपऱ्यात जाते, साइट व्हिजिट म्हणजे बसमधून उतरून फोटो. रेंडर, म्हणजे इमारतीचं कॉम्प्युटरवरचं चित्र, इतका गुळगुळीत की ज्युरीला, म्हणजे काम तपासणाऱ्यांना, छान वाटतं, पण विटेची सांधेमोड, म्हणजे एका थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर न येणं, कशी येते, टॉयलेटचा स्लॅब खाली का घेतात हे विचारलं की पोरगं गप्प. सॉफ्टवेअर कुणीही काही महिन्यांत शिकतं, ते शिकायलाच हवं, पण गवंड्याच्या शेजारी उभं राहून ओळंबा धरल्याशिवाय भिंत कळत नाही. इंटर्नशिपचं सेमिस्टर शेवटी-शेवटी येतं, तोवर फार उशीर होतो. बिल्डिंग कन्स्ट्रक्शनच्या प्रत्येक शीटबरोबर एक दिवस चालू साइटवर असा नियमच कॉलेजांनी करावा, मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवावं, त्यांच्याइतकं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे आणि टेकू उभे करणं, आमच्यातल्या कुणाला येत नाही.

आणि पालकांना विनंती, ॲडमिशनआधी कॉलेजची लॉबी बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलांची मेजर्ड ड्रॉइंग्ज दाखवा म्हणावं, आणि गेल्या वर्षी मुलं कुठल्या साइटवर किती वेळ होती तेही विचारा.

आपली,
एक आर्किटेक्ट, सातारा