आधी सुया मोज

अंबाजोगाई,
२२ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं खोकं परवा पोचलं. झाकण काढलं अन् राळेचा वास घरभर पसरला. आईनं आतून विचारलं, "धूप कुणी लावला रे?" हिमाचलातल्या रामपूरपासून किन्नौरपर्यंतच्या पाइनच्या डहाळ्या अन् शंकू, सगळं तू एकत्रच कोंबलं होतंस. मला मात्र दोन रात्री पुरेल एवढं काम मिळालं.

शंकू बाजूला ठेवले आणि आधी सुया मोजल्या. पाइनच्या सुया सुट्या नसतात, जुडीनं येतात, आणि जुडीत किती हे जातीगणिक बहुधा ठरलेलं असतं. वीतभर लांब, तीन-तीनच्या, बुडाशी तपकिरी वेष्टण घट्ट धरलेल्या, त्या चीड या जातीच्या. पाच-पाचच्या, मऊ, निळसर झाकेच्या निघाल्या त्या कैलच्या. त्यांचं वेष्टण लवकर गळून जातं. कैलची एक जुडी चिमटीत धरून सुया एकमेकींना चिकटवून बघ, गोल काडी होते. पाच वाटेकऱ्यांनी एक भाकरी मोडून घ्यावी तशी प्रत्येक सुई आतून टोकदार, बाहेरून गोलसर. मी भिंग लावून कितीतरी वेळ तेच बघत बसलो.

पण चिलगोजा या तिसऱ्या जातीच्याही तीनच! तिथं जरा अडलो. मग लांबी पाहिली. या बोटाएवढ्याच, ताठ, आणि बुडाशी वेष्टण नाही. आता शंकू कामाला आला. चिडाच्या बीला पातळ लांब पंख असतो, चिलगोज्याची बी लांबट, भरीव, खायची. कैलचा शंकू तर ओळखायला सोपा: मक्याच्या कणसासारखा लांब, पातळ खवल्यांचा, राळेनं चिकट.

तू "पाइनचं गुलाब" म्हणून जे वेगळं गुंडाळलंस ते देवदाराचं आहे. देवदाराचा शंकू झाडावरच खवला-खवला सुटतो, शेंडा तेवढा गुलाबासारखा खाली पडतो. आणि शाळेतल्या ज्या झाडाला आपण पाइन म्हणायचो, ते सुरूचं झाड. त्याची सुई म्हणजे बारीक डहाळीच. ओढली की पेरात सुटते. उद्या पोरांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवणार आहे.

नुसत्या शंकूच्या आकारावर मात्र भरवसा ठेवू नकोस. धाकट्यानं चिडाचा एक शंकू बादलीत टाकला, संध्याकाळपर्यंत तो मिटून निम्मा झाला. मला वाटलं, हा वेगळाच कुठला! उन्हात ठेवल्यावर पुन्हा फुलला.

पुढच्या वेळी एकेका झाडाची डहाळी आणि शंकू सुतळीनं एकत्र बांध, किती उंचीवर सापडलं ते लिही, आणि खोडाचा फोटो काढ. चिलगोज्याची साल पापुद्रे सुटून करडी-हिरवी दिसते, ती मला बघायचीच आहे.

इकडं मृग कोरडाच गेला. बी-बियाणं घरात पडून आहे, पेरणी अडलीय. चिडाचा तो शंकू मी ओसरीच्या कडेला, पागोळ्या पडतात तिथं टांगलाय. मिटला की लगेच कळवतो.

तुझा,
माधव