किटातल्या तेलाचा त्रिपूर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

त्रिपुरी पौर्णिमेला, ५ नोव्हेंबर २०२५ ला, आमच्या गावानं महादेवाच्या देवळापुढची दीपमाळ पाजळली. त्याचा फोटो कुणीतरी मोबाइलवर फिरवला. 'कालपर्यंत मदतीच्या गाड्यांना हात करत होते, आता जाळायला तेल कुठून आलं?' असं त्याखाली बऱ्याच जणांनी लिहिलं. ते तेल मापून घेणारी मीच. म्हणून हे पत्र.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. सप्टेंबरच्या शेवटी नदी गावात शिरली. माझ्या किराणा दुकानात कमरेएवढं पाणी. साखर विरघळून गेली, हाती नुसतं बारदान आलं. सोयाबीन तर गेलंच, पण कित्येकांच्या रानातली माती खरडून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. दिवाळीला लोकांनी उंबऱ्यावर एकेक पणती ठेवली आणि दारं लावून घेतली.

मला त्या बंद दारांची भीती वाटली. माझं माहेर उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या दिवाळीला आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारच्या शेडमधली माणसं गेलेली, म्हणून आईनं दिवा लावू दिला नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या अंधारात शेजारची बाई जागी आहे की झोपली तेही कळत नव्हतं, आणि रात्रभर कुणी कुणाकडे गेलं नाही. ते मनातून जात नाही.

यंदाही 'दीपमाळ राहू द्या' असंच ठरत आलं होतं. तेल होतं ते मदतीच्या किटातलं, एक लिटरची पिशवी. लोकांनी पोटासाठी दिलेलं जाळायचं कसं, हा प्रश्न मलाही पडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एका घराचं कशाला जाळायचं? घरटी एक चमचा काढ की." मी पातेलं घेऊन निघाले. शहाण्णव घरांनी दिलं. ज्यांनी दिलं नाही त्यांना पुन्हा विचारलं नाही. दुकानात आणून मापलं तर लिटरला थोडं कमीच भरलं.

दीपमाळेवर पाणी कुठवर चढलं होतं ते गाळाच्या रेघेवरून दिसतं, चौथ्या ओळीच्याही वर. पणत्या ठेवायच्या दगडी हातांवर गाळ वाळून सिमेंटसारखा झाला होता. बायकांनी उलथन्यांनी आणि खराट्याच्या काड्यांनी तो खरडला. कुंभारदादांच्या आव्यात जायच्या आधीच कच्च्या पणत्या पाण्यात विरघळल्या होत्या, त्यामुळे प्रत्येकीनं घरातली जुनी, काळी पडलेली पणती आणली. वाती सासूबाईंनी वळल्या. पोरांना विजेच्या माळा सोडायच्या होत्या, ते नको म्हटलं. डीपी नुकताच दुरुस्त झालाय.

सगळ्यात वरची पणती दरवर्षी एकच माणूस चढून ठेवतो. त्याची बैलजोडी पुरात वाहून गेली, तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता. कुणी बोलवायला गेलं नाही, कारण काय बोलायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. दिवेलागणीला तो आपणहून आला, चप्पल काढली आणि वर चढला. खाली उतरल्यावर घरी गेला नाही. दीपमाळेच्या ओट्यावर बसला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच माणसं त्याच्याशेजारी जाऊन बसली. नऊ वाजता वाती मालवायला लागल्या तरी बोलणं चाललं होतं. कुणाचं रान वापशावर आलं, बियाणं कुणाकडे आहे, असलंच.

ज्या ताई-दादांनी आमच्यासाठी किट पाठवलं, त्यांच्या तेलातला एकेक चमचा असा गेला. त्यांना हे कळावं, म्हणून पत्र छापावं ही विनंती.

गुरुवारी सकाळी दोघांनी आपली बैलं आणि तिफण त्याच्या रानात नेली. माती शिल्लक आहे त्या दोन एकरांत हरभरा पेरून झाला.

आपली,
एक किराणा दुकानदार,
ता. परंडा, जि. धाराशिव