वाळूजच्या प्लेटिंगवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

स्टीलच्या पट्टीवर विजेनं टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवायचा, हे माझं संशोधन. अतिनील प्रकाशात हा थर पाण्यातला रंग तोडतो. पट्टी ऋण टोकाला जोडली की द्रावणातल्या नायट्रेटमुळे तिच्या लगतचं पाणी अल्कधर्मी होतं, टायटॅनियम तिथंच लगद्यासारखं बसतं आणि भट्टीत ४५० अंशांच्या आसपास त्याचं ॲनाटेज, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप, होतं. माझ्या पट्ट्यांवर मात्र मे महिन्यातल्या आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडायच्या, पापुद्रे सुटायचे.

ज्यांचं हे कामच होतं, त्यांच्यापैकी एकानं विषय बदलायला सांगितलं, एकानं विभागाचं पत्र मागितलं, एकानं आलेख बघून मान हलवली. पट्टी कुणीच हातात घेतली नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

मग पट्ट्या घेऊन तुमच्या कारखान्यात आले, तर तुम्ही म्हणालात, "आधी पट्ट्या बघू दे." लाइनवर जॉब खोळंबले होते, आतून हाका येत होत्या. तरी तुम्ही शटरपाशी उजेडात गेलात आणि एकेक पट्टी कडेनं धरून, उलटसुलट करून बघितलीत. घाई नाही, "हे आमचं काम नाही" नाही. काका, माझ्या कामाकडे इतकं नीट कुणी तोवर बघितलंच नव्हतं. तिथंच मला भरून आलं होतं.

मग कोरी पट्टी नळाखाली धरलीत. "पाणी फाटायलंय बघ. तेल हाय अजून." स्वच्छ धातूवर पाणी सलग पसरतं, तेलकट जागी तुटून थेंब होतात. पुस्तकात 'पट्टी स्वच्छ करावी' एवढंच असतं. झाली की नाही ते कसं ओळखायचं, हे तुमच्याकडून कळलं. थरातली बारीक छिद्रं बुडबुड्यांची, म्हणून अँपिअर उतरवायलाही तुम्हीच सांगितलंत.

जाड थराला अजून भेगा पडतात, कारण लगद्यातलं पाणी उडालं की तो आक्रसतो. पातळ थर मात्र चिकटपट्टी लावून ओढला तरी हलत नाही. आपलं नसलेलं काम हातातलं बाजूला ठेवून बघणारी माणसं आपल्या मराठवाड्यात कारखान्या-कारखान्यांत आहेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

एक विनंती आहे. आमच्या धाकट्या मुलामुलींना पाणी कसं बघायचं ते दाखवायला एकदा प्रयोगशाळेत या. विभागात मी बोलले आहे. तुमच्या सुट्टीचा वार कळवा, न्यायला मी येते.

तुमची,
पट्टीवाली पोरगी