पामच्या झावळ्या पिवळ्या पडल्या तेव्हा धावून आलेल्या नान्नजच्या मामांना

मामा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या ओ" म्हणता आणि विषय द्राक्षाच्या भावावर नेता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल.

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या कडेनं फॉक्सटेल पामची रांग आहे, ती एप्रिलच्या उन्हात पिवळी पडायला लागली आणि मीटिंगमध्ये जो तो डॉक्टर झाला. कुणी म्हणे पाणी कमी, कुणी म्हणे कीड, एकजण तर म्हणाले तोडून टाका आणि पेव्हर बसवा. तुम्ही लेकीकडं जेवायला आलेले, हात धुऊन सरळ झाडाखाली गेलात आणि पहिला प्रश्न काय, तर पिवळं वरचं आहे का खालचं? हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं की ओ.

बहुतेक झाडांच्या खालच्या जुन्या झावळ्यांवर नारिंगी ठिपके होते आणि टोकं करपलेली, ते पोटॅश कमी पडल्याचं म्हणालात. काळ्या रानात पोटॅश सहसा बरं असतं पण इथं बिल्डरनं मुरूम भरून वर बोटभर माती टाकलीय, त्यात शेजारच्या लॉनला युरिया चालू, म्हणजे वाढ जोरात आणि पोटॅश नाही. दोन झाडांना पानाची कड लिंबासारखी पिवळी आणि मधला भाग हिरवा, ते मॅग्नेशियम. गेटजवळच्या झाडाचं मात्र उलटंच, खालचं हिरवंगार आणि नवीन पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, ते लोह. तिथं तुम्ही गजानं उकरलंत तर ठिबक सतत चालू राहून चिखल झालेला, बुंध्यावर माती चढवलेली आणि खाली चुनखडी. मुळांना हवाच नाही तर लोह उचलणार कसं. एकाच रांगेत तीन दुखणी, आणि आम्ही सगळ्यांना एकच औषध मारायला निघालो होतो!

त्या गेटजवळच्या झाडाच्या शेंड्याचा कोंब तुम्ही हलकेच ओढून बघितलात तेव्हा माझा श्वास अडकला होता, कारण पामला वाढीचा शेंडा एकच, कोंब सडून हातात आला असता तर झाड गेलंच म्हणून समजायचं. पण कोंब घट्ट होता.

आणि माळी पिवळ्या झावळ्या छाटायला कोयता घेऊन आला तेव्हा तुम्ही जे त्याला थांबवलंत! घरातला दाणागोटा संपला की म्हातारी माणसं आपल्या ताटातलं पोरांना देतात, तसं ही जुनी पानं आपल्यातलं पोटॅश वर पाठवतायत, ती कापली तर झाड त्याच्या वरच्या पानांतून काढणार, पिवळेपणा वर सरकणार. पूर्ण वाळून तपकिरी झाली की काढा. माळ्याला हे इतकं पटलं की आता तो कमिटीलाच शिकवतो.

झिरो झिरो पन्नास, म्हणजे पोटॅशचं खत, आणि मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही बरोबरच दिलं, कारण नुसतं पोटॅश वाढवलं तर मॅग्नेशियम मागं पडतं हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत. बुंध्याशी ढीग न घालता आळंभर पसरून पाणी सोडलं. गेटजवळची माती काढली, ठिबक कमी केलं, आणि लोहाचं चिलेट, म्हणजे मुळांना उचलता येईल असं बांधून ठेवलेलं लोह, ते ईडीटीए प्रकारातलं न आणता ईडीडीएचए प्रकारातलंच आणलं. दुकानदार म्हणाला दोन्ही सारखंच, मी म्हणलं नाही ओ, आपल्या चुनखडीत ईडीटीए टिकत नाही. एवढा रुबाब आयुष्यात पहिल्यांदा मारला, तुमच्या जिवावर.

गेटजवळच्या झाडाची नवीन झावळी हिरवी निघालीय. बाकीच्यांची ठिपक्यांची पानं तशीच आहेत, ती हिरवी होणारच नाहीत, नवीन पानांनीच झाड भरायचं आणि त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत ते बरं झालं, नाहीतर पेव्हरवाले परत उठले असते.

पुढच्या वेळी लेकीकडं आलात की आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणीला यायचंच, मामींना पण घेऊन या. आणि एक, शेजारच्या अपार्टमेंटचे चेअरमन तुमचा नंबर मागतायत, त्यांचा बॉटल पाम आजारी आहे, द्यायचा का ते तेवढं कळवा.